दिव्याआधीचा कान

शेवगाव तालुक्याचे ठिकाण असूनही तेथे आगगाडी कधी आली नाही. कापसाच्या गासड्यांपासून मामलेदार कचेरीच्या दप्तरापर्यंत जे जे या गावी आले अथवा येथून गेले, ते बैलगाडीने, नाहीतर मोटारीने. त्यामुळे इंजिनाचा बिघाड ही येथे निर्वाहाशी निगडित बाब होती. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी, बेडफर्ड बनावटीची, याच जिल्ह्याच्या मुख्य शहरातून, नगरहून, पुण्याकडे सुटली, आणि पुढे एस.टी. तालुक्यातालुक्यांत पोहोचत गेली तसतसा फिटर आणि मिस्त्री हा वर्गही आडगावी रुजला.

उभ्या गाडीचे इंजिन एकलयीने न फिरता थडथडू लागले, दारे कापू लागली, की हा मिस्त्री ‘मिसिंग करतेय’ एवढेच म्हणे आणि तपासास लागे. लांब डिसमिसचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरावी, इंजिन चालू ठेवूनच एकेका प्लगची वायर उपसावी, आणि ज्या सिलिंडरची वायर काढताच इंजिन आणखी खाली बसते तो निर्दोष व ज्याची काढूनही आवाजात तिळमात्र फरक पडत नाही तो गुन्हेगार समजावा, अशी ही चौकशीची रीत होती. डिझेल गाडीत हेच काम नोझलच्या पाइपाचे नट किंचित सैल करून होई. मग प्लग बाहेर येई: टोकाशी कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त, तेलकट ओल असली तर रिंगा झिजलेल्या, पांढुरके असले तर मिश्रणात हवा अधिक, आणि फिकट तपकिरी असले तर प्रकृती उत्तम. नाडीपरीक्षेइतकेच सूक्ष्म असे हे ज्ञान या मिस्त्रींच्या हातून कागदावर क्वचितच उतरले, याची मला मनस्वी खंत वाटते.

पुढे असा बिघाड दाखविणारा, चालकासमोरच्या फलकावरचा इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा आला तो धुराच्या कायद्यापायी. कॅलिफोर्नियात १९८८ पासून, समग्र अमेरिकेत नव्या स्वरूपात १९९६ पासून, आणि भारतात २०१० नंतर तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ या धुराविषयीच्याच हुकुमानंतर तर बहुतेक नव्या दुचाकींतूनही कार्बुरेटर गेला.

आता हा दिवा लागल्यावर मोटारीच्या स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की ‘पी ०३०१’ असा संकेत उमटतो, म्हणजे पहिला सिलिंडर चुकतो आहे. परंतु ही केवळ फिर्याद होय. प्लग, कॉइल, इंजेक्टर, चिरलेली हवेची नळी, बसका व्हॉल्व्ह, यांपैकी दोषी कोण, याचा निकाल मिस्त्रीलाच करावा लागतो. पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर बसवावी. संकेत ‘पी ०३०३’ झाला तर दोष कॉइलचा. ही युक्ती वायर उपसण्याच्या जुन्या रीतीचीच लेक आहे, आणि ती न अवलंबता संकेत पाहून सरसकट सुटे भाग बदलणे हा मी गिऱ्हाइकावरचा अन्याय समजतो.

शेवगावहून नगरला अथवा पैठणला निघालेल्या वाचकास एवढीच विनंती, की दिवा स्थिर असेल तर लवकर गॅरेज गाठावे. परंतु तो लुकलुकू लागला तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील, धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जाते आणि कन्व्हर्टर तापून निकामी होतो, म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवावी, आणि दिवा घालविण्यासाठी बॅटरीची वायर काढू नये, कारण मिस्त्रीला हवी असलेली नोंद त्याने पुसली जाते.