अंगणातल्या नळाचा इतिहास

नाशिकची तांब्यापितळेची भांडी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. इथल्या जुन्या घरांच्या अंगणातला नळही पितळेचाच असे. पितळ गंजत नाही. उन्हापावसात लोखंड गंजते आणि साधे प्लॅस्टिक ठिसूळ होते. नळाच्या आतली रचना मात्र दूरच्या गावची आहे.

पूर्वी नळ म्हणजे तोटीत बसवलेली, आरपार भोक असलेली शंकूच्या आकाराची खुंटी. पाव फेरा दिला की भोक पाण्याच्या वाटेत येई. पिंपासाठी ही सोय पुरेशी होती. पुढे शहरांत दाबाने पाणी येऊ लागले, तेव्हा या खुंट्या झिजून गळू लागल्या. शिवाय नळ एकदम बंद होत असल्याने वाहत्या पाण्याचा धक्का नळ्यांना बसे.

१८४५ साली इंग्लंडमधील रॉदरॅम येथील गेस्ट आणि क्राइम्स यांनी दाबाच्या पाण्यासाठी आट्यांच्या नळाचे पेटंट घेतले. यात चावी फिरवली की आट्यांचा दांडा हळूहळू खाली येतो आणि वायसर भोकावर दाबून बसवतो. वायसर आधी चामड्याचा असे, पुढे रबराचा आला. तो मऊ असतो, म्हणून झीज त्याची होते. पितळ शाबूत राहते.

हे ध्यानात न घेता आपण गळका नळ जोर लावून आवळतो. त्याने वायसर कापला जातो, आणि शेवटी ज्या कडेवर तो टेकतो तिलाही खाचा पडतात. मग नवा वायसरही उपयोगी पडत नाही. म्हणून गळती दिसताच मुख्य वॉल्व्ह बंद करावा, नळाचा वरचा भाग खोलून वायसर बदलावा. पाणी दांड्याजवळून झिरपत असेल, तर तेथील दोरीचे वेष्टन नवे घालावे.

थेंबाथेंबाचा हिशेब वर्गात करून पाहावा. सुमारे २० थेंबांचे १ मिलिलिटर होते. सेकंदाला १ थेंब गळला तर दिवसाचे ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरांहून अधिक. वर्षाचे दीड हजार लिटरांवर! हे पाणी गोदावरीवरील, १९६५ साली पूर्ण झालेल्या गंगापूर धरणातून येते. ते उपसून, शुद्ध करून आपल्या अंगणात पोचवलेले असते. ते वाचवायला एक वायसर पुरतो. शाळेतला एखादा जुना नळ मुलांसमोर खोलून दाखवावा; पुढचा वायसर तीच बदलतील.