हँडल फिरवणारा हात आणि अडखळणारा व्हिडिओ

गेल्या शनिवारी चौलला मामाकडे होतो. बारावीतला मामेभाऊ क्रिकेटचा गेम खेळतो आणि त्याच लॅपटॉपवर ओबीएसने रेकॉर्डही करतो. "दादा, खेळताना ठीक चालतं रे, पण व्हिडिओत बॉलर उड्या मारत येतो. शेवटच्या ओव्हरची सिक्सर तर गायबच!" बघितलं तर खरंच, बॉल बॅटजवळ होता आणि पुढच्या क्षणी थेट प्रेक्षकांत.

चौलला नोंदी ठेवायची परंपरा तशी जुनी. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन इथेच उतरला आणि पाहिलेलं लिहून गेला. पण लिहिणाऱ्याचं बरं असतं, आधी बघायचं आणि मग सावकाश लिहायचं. हलती चित्रं पकडणाऱ्याला ही सवलत नाही.

आपल्याकडे हा उद्योग पहिल्यांदा केला तो सावे दादांनी. म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, मुंबईतले फोटोग्राफर. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची सहा छोटी चित्रं दाखवली गेली, तिकीट एक रुपया. त्या नव्या यंत्राने भारावलेल्या सावे दादांनी लंडनहून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये चक्क एक कुस्ती लावून ती चित्रित केली. आजच्या भाषेत गेमप्ले रेकॉर्डिंगच की! फिल्म धुवायला पाठवली लंडनला. आपण नेमकं काय पकडलंय हे कळायला बोट जाऊन परत यायला हवी. आपल्याला 'स्टॉप' दाबल्यावर फाइल सेव्ह व्हायला दहा सेकंद लागले तरी जीव खालीवर होतो.

बरं, कुस्ती बिघडली असती तर पुन्हा लावता आली असती. पण १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिज गाजवून मुंबईला परतले, त्यांचं स्वागत सावे दादांनी टिपलं. तिथे "साहेब, जरा पुन्हा एकदा परत या" म्हणायची सोय नव्हती.

आणि हे सगळं हाताने. ल्युमिएंच्या यंत्रात हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम पुढे सरकत. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ फ्रेम. सुमारे १७ मीटरची फिल्म पन्नासेक सेकंदांत संपायची. हात मंदावला की फ्रेम कमी पडणार आणि पडद्यावर माणसं तुरुतुरु धावणार. म्हणजे खरा क्लॉक जनरेटर ऑपरेटरचा खांदा!

ल्युमिएंच्या यंत्रातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. एकाच पेटीत चित्रण, फिल्मची प्रत काढणं आणि पडद्यावर दाखवणं अशी तिन्ही कामं होत. पण एका वेळी एकच. आपला लॅपटॉप बिचारा गेम रंगवतो, दाखवतो, प्रत काढतो आणि दाबून डिस्कवर ठेवतो, सगळं एकदम. ६० फ्रेम म्हटल्यावर प्रत्येक फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद. फुल एचडीची एक फ्रेम कच्च्या स्वरूपात ६ एमबीच्या वर, म्हणजे सेकंदाला साधारण ३७० एमबी. लॅपटॉपची साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी लिहिते. १९९९ मध्ये आलेला फ्रॅप्स ज्यांनी वापरलाय त्यांना त्या अगडबंब एव्हीआय फाइली आठवत असतील. प्रोसेसरला त्रास नको म्हणून तो फारसं कॉम्प्रेशनच करत नसे, मग डिस्क रडायची. पुढे २०११ मध्ये इंटेलने क्विक सिंक आणलं, २०१२ मध्ये एनव्हिडियाने एनव्हेंक. एन्कोडिंगसाठी चिपवर वेगळा कोपराच राखून ठेवला आणि प्रोसेसर सुटला.

मामेभावाचा प्रोसेसर मात्र निवांत होता. ओबीएसची स्टॅट्स खिडकी उघडली तर एन्कोडिंग लॅग शून्य आणि रेंडरिंग लॅगचा आकडा चढतोय. (बहुतेक लोक हे न बघताच सेटिंग बदलत सुटतात.) म्हणजे फ्रेम दाबायला उशीर होत नव्हता, मुळात फ्रेम तयार करायलाच ओबीएसला ग्राफिक्स कार्ड मिळत नव्हतं. गेमला फ्रेमची मर्यादाच नव्हती, त्यामुळे तो कार्ड शंभर टक्के खात होता. गेम ६० वर बांधला, ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू केलं, आकडा थांबला. फॉरमॅटही एमपी४ ऐवजी एमकेव्ही केला, कारण चार्जर लावून बसलं तरच लॅपटॉप जोरात पळतो आणि लाइट गेली की जुनी बॅटरी दगा देते. साधी एमपी४ मध्येच तुटली की उघडतही नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची तरी राहते.

खांद्याच्या भरवशाचा काळ संपवला तो आवाजाने. डोळा थोडी गडबड चालवून घेतो, कान नाही. वेग हलला की गाण्याचा सूर हलतो. १९३१ चा 'आलम आरा', १९३२ चा प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हे बोलपट आले तोवर सेकंदाला २४ फ्रेम हा दर जगभर ठरून गेला होता आणि हँडलच्या जागी मोटर आली होती. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये हा जुना रोग अजून भेटतो. फ्रेमचा दर कमी-जास्त होत राहतो, आणि एडिटिंगला घेतलं की दहाव्या मिनिटाला ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. तेव्हा एडिट करण्याआधी फाइल हँडब्रेकमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटवर काढून घ्या, ते फुकट आहे.