पैवस्ती, पावती आणि पोच : नागपूरच्या रुग्णालयांकडे जाणाऱ्या मालाचा मार्ग

मराठेशाहीतील मूळ पत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांना पत्रावरील 'पै॥ छ' ही खूण परिचित असते. 'छ' म्हणजे चांद्र तिथी आणि 'पै' म्हणजे पैवस्ती. पत्र लिहिल्याची तिथी लिहिणाऱ्याने घालावी आणि पोचल्याची तिथी घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने नोंदवावी, असा हा शिरस्ता होता. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी संपादित केलेल्या 'नागपूर अफेअर्स'च्या दोन खंडांत (१९५४ व १९५९) भोसल्यांच्या दरबाराकडील पत्रव्यवहार आहे. त्या काळी अशी पत्रे पुण्याकडे नेणारे जासूद बहुधा जोडीने धावत. भाड्याने ठरविलेल्या हरकाऱ्यास अजुरदार म्हणत. एक आजारी पडला तर दुसऱ्याने थैली पुढे न्यावी, ही जोडीमागील व्यवहारी दृष्टी उघड आहे. फारसीत 'पैवस्तन' या क्रियापदाचा अर्थ जोडणे, जुळणे असा आहे. तेव्हा पाठविणारा आणि घेणारा यांची टोके जुळली की पत्र 'पैवस्त' झाले. मराठी 'पावती' आणि 'पोच' या शब्दांच्या मुळाशीही पोचण्याचीच क्रिया आहे. पुढे त्यांचा अर्थ कागदाच्या चिठोऱ्यापुरता संकोचला, आणि मोठ्या रुग्णालयांच्या बाबतीत हा अर्थसंकोच केवळ भाषिक राहिला नाही.

नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले. पुढे मेयो या नावाने ओळखले गेलेले रुग्णालय १८६२ चे, तर मुंबईकडून येणारी रेल्वे नागपुरास पोचली ती १८६७ साली. म्हणजे आरंभीची काही वर्षे औषधांच्या पेट्या बैलगाडीने किंवा बांगी टपालाने येणे हेच शक्य होते. 'बांगी' म्हणजे बहंगी, आपल्याकडील कावड; खांद्यावर तोलून न्यावयाच्या या साधनाचे नाव इंग्रजी टपालखात्याने पार्सलांसाठी उचलले आणि कावड गेल्यावरही ते काही काळ टिकून राहिले. रेल्वेने दिवसांचे तास केले. परंतु काही माल असे असतात की ज्यांचा खरा शत्रू अंतर नसून उष्णता असते. देवीची द्रवरूप लस हा त्याचा ठळक नमुना होय. वैशाखात पंचेचाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या या प्रदेशात ती लस वेळेवर येऊनही निकामी ठरे. म्हणूनच टोचणीचा हंगाम हिवाळ्यात धरला जाई. उष्णता सोसणारी शुष्क लस प्रचारात आल्यावर, आणि बेळगावसारख्या संस्थांत ती तयार होऊ लागल्यावर, ही अडचण दूर झाली. भारतातील देवीचा अखेरचा स्थानिक रुग्ण १९७५ चा. त्या यशात वाहकांच्या वेगापेक्षा मालाच्या या बदललेल्या गुणाचा वाटा मोठा होता, हे वाहतुकीचे इतिहासकार क्वचितच ध्यानी घेतात.

वाहतुकीच्या इतिहासात नागपूरचे स्वतःचे असे जे स्थान आहे ते मात्र १९४९ चे. त्या वर्षीच्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून सायंकाळनंतर निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या वाटेने परत जात. चार शहरे परस्परांस थेट जोडावयाची तर सहा मार्ग लागतात. मध्ये एक संगमस्थान घेतले की चार पुरतात. अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेस या कंपनीने १९७३ साली मेम्फिस येथे हेच तत्त्व पार्सलांसाठी अवलंबिले आणि जगाने त्याचे कौतुक केले. नागपुरास ते चोवीस वर्षे आधी ठाऊक होते. त्याची किंमतही पडली. १२ डिसेंबर १९५३ रोजी येथून उडालेले टपालविमान लगेच कोसळून तेरा जण मृत्युमुखी पडले.

एप्रिल १९४९ पासून साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली, परंतु अवजड पेट्यांचा मार्ग मुख्यतः रेल्वेचाच राहिला. परिणामी औषधाची मागणी एका रात्रीत मुंबईस पोचावी आणि औषध मात्र आपल्या सावकाश गतीने यावे, अशी विषमता निर्माण झाली. आणि पेटी आल्यावर?

१९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय, ज्याला सारे शहर 'मेडिकल' म्हणते, ते विस्तीर्ण आवारात पसरलेले आहे. अशा ठिकाणी आणणारा माणूस फाटकातून आत येतो, भांडाराचा लिपिक बारनिशीत नोंद करतो, पावतीवर सही होते आणि वाहकाच्या दृष्टीने काम संपते. रुग्णाच्या दृष्टीने ते तेव्हा सुरूही झालेले नसते. कक्षाच्या परिचारिकेने 'इंडेंट' लिहावा, त्यावर अधिकाऱ्याची सही घ्यावी, शिपायाने तो भांडारात न्यावा, तेथील वेळ संपली असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे, हा क्रम कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात ओळखीचा आहे. भांडार हे सोनेगावप्रमाणेच संगमस्थान होय. फरक इतकाच की सोनेगावी प्रत्येक विमानाची निघण्याची वेळ ठरलेली होती. भांडारातून कक्षाकडे निघणाऱ्या गाड्याला तशी वेळ क्वचितच नेमून दिलेली असते. संगमस्थान वेळेने बांधलेले नसेल तर ते केवळ साचण्याची जागा बनते. 'इंडेंट' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील दातवाचक शब्द आहे. एकाच कागदावर करार दोनदा लिहून तो मधून दातेरी कापीत. पुढे दोन्ही तुकड्यांचे दाते जुळले की करार खरा. त्या शब्दातही जुळणेच अभिप्रेत होते.

नागपूरचे एम्स २०१८ साली सुरू झाले आणि त्याचे आवार मिहानात, जुन्या सोनेगाव विमानतळाच्या परिसरातच आहे. आता अवयवदानाच्या प्रसंगी पोलीस शहरातील रस्ता मोकळा करून देतात. काढलेले हृदय साधारणतः चार तासांच्या आत दुसऱ्या देहात बसवावे लागते. त्यामुळे त्या पेटीला भांडार नाही, बारनिशी नाही, दुसऱ्या दिवसाचा इंडेंट नाही. पेटी नेणारा वैद्यकीय चमूपैकीच असतो, आणि घेणारे शस्त्रक्रियागृहात हात धुऊन उभे असतात.