१२ जुलै १९३२ : बाटांचा अपघात आणि ज्लीनची विमाने

चपला-बुटांमुळे आपल्या घराघरांत पोहोचलेल्या बाटा उद्योगाचे संस्थापक टॉमस बाटा यांचे १२ जुलै १९३२ रोजी विमान अपघातात निधन झाले. दाट धुक्यातही त्यांचे युंकर्स विमान चेकोस्लोव्हाकियातील ओत्रोकोवित्से येथून उडाले आणि काही क्षणांतच कोसळले. वैमानिकही वाचला नाही.

एखाद्या घराण्याने विमानांचा धसकाच घेतला असता. बाटांचे सावत्र भाऊ यान यांनी मात्र १९३४ मध्ये त्याच ओत्रोकोवित्सेत ज्लीन विमान कंपनी काढली! लाकडी बांधणीचे, दोन आसनी ‘ज्लीन १२’ परदेशातही खपले. खरे नाव झाले ते युद्धानंतर. कारेल टोमाश यांनी आखलेले ‘ट्रेनर’ हे प्रशिक्षण विमान १९४७ मध्ये उडाले. त्याच्या सुधारित आवृत्त्या हवाई कसरतींतही सरस ठरल्या. १९६० मध्ये ब्रातिस्लाव्हात झालेली पहिली जागतिक हवाई कसरत स्पर्धा लादिस्लाव बेझाक यांनी ज्लीनवरच जिंकली. याच बेझाक यांनी १९७१ मध्ये पत्नी आणि चार मुलांना दोन आसनी ज्लीनमध्ये अक्षरशः कोंबले आणि कम्युनिस्ट राजवटीच्या हातावर तुरी देऊन पश्चिम जर्मनी गाठली.