रक्तवर्ण पोलेंटा व ख्रिस्तप्रसादाचा चमत्कार

(१)

इतिहासाचीं साधनें वाचतांना एखाद्या चमत्काराची नोंद आढळली म्हणजे अभ्यासक तिची वासलात बहुधा दोन प्रकारांनीं लावितात. श्रद्धाळू वाचक ती जशीच्या तशी स्वीकारतो. चिकित्सक म्हणविणारा ती भाकडकथा म्हणून गाळून पुढें जातो. आमच्या बखरी व माहात्म्यग्रंथ वाचणाऱ्या सर्वांस हा अनुभव आहे. परंतु या दोन्ही वाटांनीं एक महत्त्वाची गोष्ट हातची निसटते. लोकांनीं खरोखर कांहीं पाहिलें होतें काय, आणि पाहिलें असल्यास त्यावरून त्यांनीं काढलेलें अनुमान नेमकें कोठें चुकलें, हा शोध मग राहूनच जातो. युरोपांतील ख्रिस्ती समाजांत अन्नाच्या रंगावरून उपस्थित झालेलें एक प्रकरण या दृष्टीनें उद्बोधक असल्यामुळें तें येथें मांडण्याचें योजिलें आहे. प्रकरण भाकरीचें व उकडीचें आहे. तथापि त्यापायीं हजारों निरपराध माणसांचे प्राण गेलेले असल्यामुळें तें केवळ कौतुकाचें नव्हे.

(२)

इ. स. १८१९ च्या ऑगस्ट महिन्यांत इटलींतील पादुआ शहराजवळच्या लेन्यारो गांवीं आंतोनियो पित्तारेल्लो नांवाच्या शेतकऱ्याच्या घरीं शिजवून ठेविलेल्या पोलेंटावर तांबडे ठिपके दिसूं लागले. पोलेंटा म्हणजे मक्याचें पीठ पाण्यांत शिजवून केलेला, आमच्याकडील उकडीसारखा घट्ट पदार्थ. त्या प्रांतांतील गरिबांचें तें रोजचें अन्न होय. ठिपके वाढत जाऊन रक्त सांडल्यासारखें दिसूं लागलें. नवी उकड केली, तीहि तशीच झाली. पुढें शेजारच्या घरींहि हाच प्रकार दिसूं लागतांच गांवांत घबराट उडाली. हा दुष्ट शक्तीचा खेळ आहे, या घरावर कांहीं तरी पाप आहे, असें लोक बोलूं लागले.

अधिकाऱ्यांनीं चौकशीचें काम पियोव्हे दि साक्को येथील वैद्य व्हिन्चेन्झो सेत्ते याजकडे सोंपविलें. सेत्ते यानें तांबड्या उकडीचा अंश चांगल्या उकडीस लावून पाहिला, तों तीहि तांबडी झाली. एवढ्यावर न थांबतां त्यानें हाच प्रयोग एका धर्मगुरूच्या घरीं करून दाखविला. यांतील मर्म वाचकांच्या ध्यानांत येईलच. पापामुळें अन्न रक्ताळतें हें खरें असतें, तर धर्मगुरूच्या घरीं तें रक्ताळावयास नको होतें. प्रयोगशाळेंतील शंभर प्रयोगांनीं गांवकऱ्यांची जी समजूत पटली नसती, ती पटविण्याचें सामर्थ्य या एका स्थलांतरांत होतें.

त्याच सुमारास बार्तोलोमेओ बीत्सियो (१७९१–१८६२) या तरुण औषधशास्त्रज्ञानें स्वतंत्रपणें शोध चालविला होता. उष्ण व दमट हवेंत ठेविलेली उकड चोवीस तासांत तांबडी होते हें त्यानें पाहिलें, आणि हें एका अतिसूक्ष्म सजीवाचें कार्य आहे असा निर्णय दिला. त्यानें व सेत्ते यानें तो सजीव बुरशीच्या जातीचा मानला. ती एवढी चूक सोडल्यास निर्णय बरोबर होता. तो बुरशी नसून जीवाणु होय, हें पुढें ठरलें. त्यास बीत्सियोनें 'सेराशिया मार्सेसेन्स' असें नांव दिलें. त्यांतील पहिलें पद सेराफिनो सेर्राती या पदार्थविज्ञान जाणणाऱ्या बेनेदिक्तपंथी साधूच्या स्मरणार्थ असून दुसऱ्या लॅटिन पदाचा अर्थ 'म्लान होत जाणारा' असा आहे. कारण हा रंग लवकर फिका पडतो.

या प्रकरणांत धर्मपीठ एका बाजूस व विज्ञान दुसऱ्या बाजूस, असा देखावा कोठेंच दिसत नाहीं. साओनारा येथील वनस्पतिउद्यानाचा चालक पिएत्रो मेलो हा स्वतः धर्मगुरु होता, आणि उकड तांबडी होणें हा अन्न आंबण्याचा नैसर्गिक प्रकार आहे असें त्याचें मत होतें. बीत्सियोनें १८२३ सालीं आपलें विवेचन प्रसिद्ध केलें तें आंजेलो बेल्लानी यास लिहिलेल्या पत्राच्या रूपानें; आणि बेल्लानी हाहि धर्मगुरु असून भौतिकशास्त्राचा व्यासंगी होता.

(३)

लेन्यारोच्या शेतकऱ्यांस वाटलेल्या भीतीमागें पांचसहा शतकांचा इतिहास होता. तो समजण्यास ख्रिस्तप्रसादाविषयींचें कॅथॉलिक मत थोडें पाहिलें पाहिजे. मिस्सेच्या वेळीं गव्हाची बिनखमिराची पातळ भाकर अभिमंत्रित केल्यावर तिचें द्रव्य पालटून ख्रिस्ताचें शरीर होतें. मात्र रंग, रुचि, आकार इत्यादि गुण भाकरीचेच राहतात, असें तें मत आहे. द्रव्य पालटण्याची ही परिभाषा १२१५ सालच्या चौथ्या लॅटेरन धर्मसभेच्या निर्णयांत आलेली आहे. आमच्या वैशेषिकांच्या द्रव्य-गुण-विचाराशीं परिचय असलेल्या वाचकांस हा भेद समजण्यास अडचण पडूं नये. मात्र द्रव्य पालटूनहि गुण तसेच राहतात, हें वैशेषिकांस मान्य झालें नसतें, हें सांगितलें पाहिजे.

सामान्य जनांस मात्र न दिसणाऱ्या पालटाचें समाधान नव्हतें. त्यांस डोळ्यांनीं पाहावयाचें होतें. १२६३ सालीं बोल्सेना येथें एका साशंक धर्मगुरूच्या हातांतील भाकरींतून रक्त ठिबकलें अशी कथा आहे. राफाएल या चित्रकारानें १५१२ सालीं व्हॅटिकनमधील भिंतीवर तो प्रसंग रंगविला आहे. एवढ्यावर थांबतें तर प्रश्न केवळ भक्तीचा राहिला असता. परंतु भाकरीवर रक्त दिसतें, तर तिला कोणीं तरी भोसकलें असलें पाहिजे, आणि भोसकणारा ज्यूच असला पाहिजे, असें अनुमान रूढ झालें. १२९८ सालीं फ्रँकोनिया प्रांतांतील रॉटिंगेन येथें अशाच आरोपावरून ज्यू लोकांस जाळण्यांत आलें. तेथून रिंटफ्लाइश नांवाच्या पुढाऱ्यामागें निघालेल्या जमावांनीं गांवोगांवचे ज्यू कापून काढले, आणि मृतांची संख्या हजारोंवर गेली. १३३८ सालीं बव्हेरियांतील डेगेनडॉर्फ येथें ज्यूंची कत्तल झाली. मागाहून प्रसादविटंबनेची कथा तिला जोडली जाऊन तेथें यात्रा भरूं लागली. ती १९९२ सालीं तेथील बिशपानें बंद केली.

वर्गांत हेत्वाभास शिकवितांना प्रस्तुत लेखकास डोंगरावरील धूर व अग्नि यांचें ठरीव उदाहरण पुष्कळदां द्यावें लागे, आणि विद्यार्थ्यांस तें नीरस वाटे. 'जें जें तांबडें तें तें रक्त' ही खोटी व्याप्ति गृहीत धरल्यानें किती घरें उद्ध्वस्त झालीं, हें तेव्हां सांगावयास हवें होतें असें आतां वाटतें. तांबडेपणा रक्तावांचूनहि असूं शकतो. म्हणून हा हेतु सव्यभिचार ठरतो. तर्कशास्त्रांतील दोष हे केवळ परीक्षेंतील गुण घालविणारे नसतात.

(४)

येथें न्यायबुद्धीनें दुसरी बाजूहि नोंदविली पाहिजे. या समजुतींस अडविणारे लोक ख्रिस्ती धर्मांतच होते. तेराव्या शतकांतील थोर धर्मतत्त्ववेत्ता थॉमस आक्वीनास (मृ. १२७४) यानें भाकरीच्या ठायीं मांस किंवा बालक दिसल्याच्या कथांचा विचार करून, त्यांत ख्रिस्ताचें स्वतःचें रूप दिसतें असें मानण्यास नकार दिला. १३३८ सालीं ऑस्ट्रियांतील पुल्काउ येथें असाच आरोप निघाला असतां पोप बारावा बेनेदिक्त यानें पासाउच्या बिशपास चौकशीची आज्ञा केली; त्याच्या पत्रांत, पूर्वीं त्याच भागांतील एका प्रकरणांत अभिमंत्रित न केलेल्या भाकरीस धर्मगुरूनेंच रक्त फांसलें होतें, असा उल्लेख आहे. जर्मनींतील विल्सनाक येथें १३८३ सालीं जळलेल्या देवळांत तांबडे ठिपके असलेल्या तीन भाकरी सांपडल्या व मोठी यात्रा सुरू झाली. तिच्याविरुद्ध प्रागच्या यान हुस यानें लेखणी उचलली. १४५१ सालीं कार्डिनल निकोलस कुसानस यानें रक्ताळलेल्या भाकरी लोकांपुढें मांडण्यास मनाई केली. परंतु यात्रेपासून मिळणारें उत्पन्न व लोकांचा ओढा यांपुढें मनाई टिकली नाहीं. १४५३ सालीं पोपकडून विल्सनाकच्या यात्रेस पुन्हां मोकळीक मिळाली.

या मंडळींजवळ सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतें. तरीहि आपल्याच धर्मतत्त्वाचा काटेकोर अर्थ लाविल्यानें ते योग्य निर्णयाजवळ पोंचले. गुण पालटत नाहींत असें तत्त्वच सांगत असतां, गुण पालटल्याची साक्ष त्या तत्त्वाचा पुरावा कशी होईल? तांबडा डाग त्या मताचें मंडन करीत नाहीं व खंडनहि करीत नाहीं. डागाचा विचार करणें हें वैद्याचें व रसायनज्ञाचें काम. द्रव्याविषयींचें मत हा श्रद्धेचा विषय. हा विभाग ज्यांनीं ओळखला, त्यांस धर्म व विज्ञान यांत ओढाताण भासली नाहीं.

(५)

१८४८ सालीं बर्लिन येथें ख्रिस्तियान गोट्फ्रीड एरेनबर्ग या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानें उकडलेल्या बटाट्यावर हाच तांबडा जीव पाहिला, व त्यास 'अद्भुत' या अर्थाचें 'प्रॉडिजिओसा' हें पद लाविलें. त्यानें जुन्या ग्रंथांतून रक्ताळलेल्या अन्नाचे दाखले जमविले. ख्रि. पू. ३३२ मध्यें टायर नगराच्या वेढ्यांत शिकंदराच्या सैनिकांच्या भाकरींत रक्त दिसल्याची हकीकतहि अशा दाखल्यांत मोडते. आरिस्तांदर या दैवज्ञानें तेव्हां, रक्त भाकरीच्या आंत आहे म्हणून अनिष्ट नगराच्या आंतील लोकांचें, असा सोयीस्कर अर्थ लाविला होता. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत मिस्सेच्या भाकरीवर हा जीवाणु वाढवून रक्तासारखा डाग उत्पन्न करण्यांत आला.

तथापि संशोधकानें येथें सावध राहिलें पाहिजे. असा डाग पडूं शकतो, एवढेंच प्रयोगानें सिद्ध होतें. बोल्सेना येथें तोच पडला होता, हें सिद्ध होत नाहीं. कांहीं ठिकाणीं जीवाणु असेल, कांहीं ठिकाणीं लबाडी होती हें पोपच्या पत्रावरूनच दिसतें, आणि कांहीं ठिकाणीं कथा कत्तलीनंतर रचली गेली. १५१० सालीं बर्लिन येथें ३८ ज्यूंस जाळण्यांत आलें, त्याचें मूळ देवळांतील एका चोरींत होतें. ज्यू निर्दोष आहेत अशी कबुली चोरानें एका धर्मगुरूजवळ दिली होती, परंतु बिशपानें ती उघड करूं दिली नाहीं, ही हकीकत १५३९ सालीं फ्रांकफुर्ट येथें फिलिप मेलांख्टन यानें सांगितली. या ३८ जणांचा घात कोणत्या जीवाणूनें केला नाहीं. सर्व दोष सूक्ष्म जीवावर टाकून मोकळें होणें म्हणजे मनुष्याचा अपराध बुरशीच्या माथीं मारण्यासारखें होय.

(६)

एवढ्या विवेचनाचें तात्पर्य असें कीं, चमत्काराची नोंद गाळूं नये व गिळूंहि नये. तींत पाहिलेलें किती आणि अनुमानिलेलें किती, हें वेगळें करावें. लेन्यारो येथें लोकांनीं पाहिलें तें खरेंच होतें. उकड तांबडी झाली होती. चुकलें तें पुढचें पाऊल. तें पाऊल पडण्यापूर्वीं एक वैद्य, एक औषधशास्त्रज्ञ व कांहीं धर्मगुरु विचार करावयास थांबले, म्हणून त्या उन्हाळ्यांत पित्तारेल्लोच्या कुटुंबावर जो कलंक येऊं पाहत होता तो टळला. रॉटिंगेन येथें थांबणारा कोणी निघाला नाहीं. दोहोंकडे धर्म तोच होता. अंतर होतें तें चौकशी आधीं कीं शिक्षा आधीं, एवढ्याचेंच.