सेनेकाच्या नांवावर चाललेला एका बिशपांचा ग्रंथ

ख्रिस्ती नसलेल्या तत्त्ववेत्त्यांचा नीतिबोध ख्रिस्ती मनुष्यानें स्वीकारावा कीं टाकावा, हा प्रश्न कांहीं नवा नव्हे. त्याचें एक जुनें उत्तर आम्ही येथें सादर करीत आहों.

रोमचा तत्त्ववेत्ता सेनेका ह्यास नीरो बादशहाच्या आज्ञेवरून इ. स. ६५ मध्यें आपला प्राण द्यावा लागला. प्रेषितांच्या कृत्यांत, अठराव्या अध्यायीं, ज्या गाल्लियो सुभेदारासमोर संत पाउल ह्यांस उभें केलें, तो ह्याचाच भाऊ. पुढें सेनेका व संत पाउल ह्यांच्या नांवें चौदा पत्रें प्रसृत झालीं. तीं बनावट होत. परंतु त्यांच्या आधारें संत जेरोम ह्यांनीं इ. स. ३९२-९३ च्या सुमारास सेनेकास आपल्या थोर ग्रंथकारांच्या मालिकेंत स्थान दिलें.

सहाव्या शतकांत, आजच्या पोर्तुगालांतील ब्रागा येथील बिशप संत मार्टिन ह्यांनीं स्वेवी लोकांचा राजा मीरो ह्याच्यासाठीं सदाचारावर एक लहानसा लॅटिन ग्रंथ रचिला. सेनेकाच्या एका लुप्त ग्रंथाचा त्यास आधार असावा, असें विद्वान् मानितात. विवेक, धैर्य, संयम व न्याय हे चार सद्गुण त्यांत वर्णिले आहेत. पवित्र शास्त्राच्या आज्ञांवांचून, केवळ निसर्गदत्त बुद्धीच्या बळावर प्रापंचिकांसही पाळतां येईल असाच हा बोध आहे, असें ते प्रस्तावनेंत सांगतात. सद्गुणासही मर्यादा हवी, असेंही ते बजावितात. मर्यादा सोडिली कीं विवेकाचा कावेबाजपणा होतो आणि न्यायाचें क्रौर्य होतें.

पुढें पुष्कळ नकलांतून ही प्रस्तावना गळाली, आणि ग्रंथ सेनेकाच्या नांवावर चालूं लागला. तो देशोदेशींच्या भाषांत उतरला. चौदाव्या शतकांत इटालियन कवि पेत्रार्क ह्यानें खरा कर्ता ओळखिला, तरी इ. स. १४०३ मध्यें झां कूर्तकुइस ह्या फ्रेंच धर्मपंडितानें त्याचें भाषांतर केलें, तें सेनेकाचा ग्रंथ म्हणूनच. त्या चौदा पत्रांचें बनावटपण एरास्मसनें आपल्या १५२९ च्या आवृत्तींत उघड केलें.

संत मार्टिन ह्यांनीं सेनेकाचा विचार पारखून घेतला. तो कोणाच्या मुखांतून आला एवढ्यावरून टाकिला नाहीं. उलट, ज्यांनीं तीं पत्रें रचिलीं, त्यांनीं असत्याचा आश्रय केला. हेतु धार्मिक असला तरी खोटी साक्ष ती खोटीच. खऱ्या बोधास तिची गरज नव्हती. पत्रें खोटीं ठरलीं, तरी सेनेकाचे ग्रंथ आजही वाचिले जातात. आम्हीही बोध घ्यावा तो पारखून घ्यावा, आणि ज्याचा त्याचें नांव सांगून घ्यावा.