पॅरोलवरील देखरेख आणि अमली पदार्थांची चाचणी

महाराष्ट्रात पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. घरातील आजारपण किंवा मृत्यू यांसारख्या कारणासाठी कैदी काही दिवस बाहेर येतो आणि मुदत संपताच कारागृहात परततो. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे शिक्षेचा काही भाग भोगल्यावर कैद्याची सुटका होते व उरलेली शिक्षा तो पॅरोल अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली समाजात राहून पूर्ण करतो. वेळोवेळी हजेरी लावणे, पत्ता बदलल्यास कळविणे आणि अमली पदार्थांपासून दूर राहणे या नेहमीच्या अटी होत. शेवटच्या अटीचे पालन मूत्रचाचणीद्वारे तपासले जाते.

संघीय गुन्ह्यांसाठी १९८४ च्या कायद्याने पॅरोलऐवजी ‘देखरेखीखालील सुटका’ ही पद्धत आणली. तीत सुटकेनंतर १५ दिवसांच्या आत एक आणि पुढे किमान दोन चाचण्या घेण्याची अट सर्वसाधारणपणे घातली जाते. व्यसनमुक्ती उपचारांचा विचार करण्याची मुभा न्यायालयाला आहे.

हे पहिले दिवस सर्वाधिक धोक्याचे असतात. वॉशिंग्टन राज्यातील सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मृत्यू येण्याचा त्यांचा धोका सर्वसामान्य रहिवाशांच्या १२९ पट होता. तुरुंगवासात शरीराची सवय मोडते. बाहेर आल्यावर पूर्वीइतकीच मात्रा जीवघेणी ठरू शकते.

चाचणीलाही मर्यादा आहेत. कोकेनचे अंश मूत्रात साधारणपणे दोन-तीन दिवस, तर नियमित सेवन करणाऱ्याच्या मूत्रात गांजाचे अंश काही आठवडे सापडतात. प्राथमिक चाचणीत काही साध्या औषधांमुळेही चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. त्यामुळे प्रयोगशाळेतील फेरतपासणी महत्त्वाची ठरते. शिवाय सुनावणीविना पॅरोल रद्द करता येत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ‘मॉरिसी विरुद्ध ब्रुअर’ खटल्यात दिला.

चाचणीत दोष आढळल्यावर काय करावे, हा खरा प्रश्न आहे. तुरुंगाऐवजी देखरेखीची शिक्षा झालेल्यांसाठी न्यायाधीश स्टीव्हन आम यांनी २००४ मध्ये हवाई राज्यात ‘होप’ हा उपक्रम सुरू केला. अचानक चाचणी आणि प्रत्येक उल्लंघनाला तत्काळ, पण थोड्या दिवसांची कोठडी, हे त्याचे सूत्र होते. २००९ च्या मूल्यमापनात सहभागींना नव्या गुन्ह्यात अटक होण्याचे प्रमाण ५५ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र आर्कान्सा, मॅसॅच्युसेट्स, ओरेगॉन व टेक्सास या राज्यांत हेच सूत्र वापरून पाहिल्यावर, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पुन्हा अटक होण्याच्या प्रमाणात एकंदरीत लक्षणीय फरक दिसला नाही.

चाचणी व्यसनाचा सुगावा देते, व्यसन सोडवीत नाही. दोष आढळताच उपचार मिळाले, तर तीच चाचणी सुटलेल्या माणसाचा जीव वाचविणारी सूचना ठरू शकते. केवळ कोठडी मिळाली, तर पुढच्या सुटकेच्या दिवशी तोच धोका पुन्हा उभा राहतो.